बीड जिल्ह्यात पायी फिरायचं तर कुठे? नदीकाठ, शिवार आणि बालाघाटातल्या सोप्या वाटा

इंग्लंडमधल्या खेड्यांचे रील तुम्ही पाहिले असतील. हिरवंगार शेत, मधून गेलेली पाऊलवाट, लाकडी फाटक आणि कोपऱ्यात एक छोटी पाटी. कुणीतरी निवांतपणे दुसऱ्याच्या गव्हातून चालत जातंय आणि शेतमालक काही बोलत नाही. खाली मराठीत हमखास एक कमेंट असते : "आपल्याकडे असं कुठंय?"

बीडपुरतं उत्तर द्यायचं तर, चालायला जागा भरपूर आहे. नदीकाठ आहे, डोंगर आहे, ज्वारीच्या रानातून जाणाऱ्या गाडीवाटा आहेत. नाही ती फक्त पाटी. आणि ती का नाही हे समजून घेतलं, तर बीडमध्ये कुठून बिनधास्त चालावं, कुठे विचारून आणि कुठे अजिबात जाऊ नये, याचाही उलगडा होतो.

आधी जिल्ह्याची ठेवण

बीड म्हटलं की दुष्काळ, ऊसतोड आणि राजकारण एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण नकाशा उघडला तर दिसतं की जिल्ह्याचे सरळ दोन भाग आहेत. उत्तरेला गोदाकाठ : गेवराई, माजलगाव आणि परळीचा काही भाग. काळी, सपाट जमीन, कापूस आणि ऊस. गोदावरी हीच जिल्ह्याची उत्तरेकडची हद्द. दक्षिणेला आणि पश्चिमेला बालाघाटाची रांग : आष्टी, पाटोदा, बीडचा दक्षिण भाग, केज, धारूर, अंबाजोगाई. तिथे मुरमाड माळ, घळी, ओढे आणि सीताफळाची झुडपं.

पाटोदा तालुका तर पाण्याच्या दृष्टीने मजेशीर आहे. मांजरा नदी याच तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात गवळवाडीजवळ उगम पावते आणि सव्वासातशे किलोमीटरचा प्रवास करून तेलंगणाच्या सीमेवर गोदावरीला मिळते. सिंदफणाही पाटोद्याच्याच डोंगरातली. ती शिरूर कासार आणि माजलगाव करत गोदावरीत जाते. पण याच तालुक्यात सौताड्याला जी विंचरणा नदी दरीत उडी घेते, ती सीना नदीला मिळते, सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला. म्हणजे एकाच तालुक्यात पडलेला पाऊस काही गोदावरीचा होतो, काही कृष्णेचा. हा पाणलोटाचा माथा डोळ्यांनी बघायचा तर गाडीतून कळत नाही. त्यासाठी उतरून चालावं लागतं.

वाट म्हणजे कुठली वाट?

शहरातल्या माणसाला शिवारातली प्रत्येक वाट सारखीच दिसते. गावातल्या माणसाला तसं दिसत नाही. गाडीवाट म्हणजे बैलगाडी, आणि आता ट्रॅक्टर, जाईल एवढी रुंद वाट. दोन्ही बाजूंना बांध किंवा बाभळी-बोरीची झाडोरा असलेली, पावसाळ्यात चिखलाने भरणारी वाट म्हणजे पाणंद. मराठवाड्यात तिला पांदण किंवा पांधणही म्हणतात. पाऊलवाट म्हणजे माणूस आणि फार तर शेळी जाईल एवढीच. बांध ही वाट नव्हे. ती दोन शेतांची हद्द आहे, आणि बांधावरून चालणं हा शेजाऱ्याच्या भल्या मनाचा भाग आहे. गायरान म्हणजे गावच्या गुरांसाठी राखलेली सरकारी जमीन. वनजमीन वेगळी, तिथे वनविभागाचा अंमल.

गावच्या नकाशात यातल्या पुष्कळ वाटा दाखवलेल्या असतात. साधारण पद्धत अशी की गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने आणि पाऊलवाट एकेरी तुटक रेषेने काढतात. हा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. पण नकाशातली प्रत्येक रेषा आज जमिनीवर सापडेलच असं नाही. शेजारचा शेतकरी दरवर्षी नांगराचं एक तास वाटेत जास्त घालतो, समोरचाही तेच करतो, आणि वीस-पंचवीस वर्षांत गाडीवाटेची पाऊलवाट होते. मग एक दिवस कुणीतरी काटे टाकतं.

याचा खरा फटका फिरणाऱ्याला नाही, शेतकऱ्याला बसतो. ज्याचं रान आत आहे त्याला सोयाबीन काढून आणायला ट्रॅक्टर नेता येत नाही, मळणीयंत्र आत जात नाही, ऊस असेल तर तो वाहतुकीवाचून फडातच वाळतो. भावाभावांत, भाऊबंदकीत, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत मारामाऱ्या होतात त्यातल्या कितीतरी वाटेवरून. तहसील कार्यालयात गेलात तर रस्त्याच्या दाव्यांच्या फायली दिसतील.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चं कलम २० सांगतं की सार्वजनिक रस्ते, वाटा, नद्या, नाले आणि त्यांची पात्रं, जी कुणाच्या खासगी मालकीची नाहीत, ती सरकारची. म्हणजे गावनकाशातली सार्वजनिक वाट कुणी नांगरली म्हणून ती त्याची होत नाही.

त्याच कायद्यातलं कलम १४३ जास्त चर्चेत असतं. ज्याला शेतात जायला वाट नाही तो तहसीलदाराकडे अर्ज करून दुसऱ्याच्या शेताच्या बांधावरून वाट मागू शकतो. तहसीलदार जागेवर पाहणी करतो आणि दोन्ही बाजूंचं कमीत कमी नुकसान होईल अशी वाट ठरवतो. आधीपासून असलेली वहिवाटीची वाट कुणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ लागू होतं. त्यात वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. ही मुदत बऱ्याच जणांना माहीत नसते आणि तिथेच प्रकरण हातचं जातं.

मे २०२५ मध्ये महसूल विभागाने शासन निर्णय काढला. शेतात आता बैलगाडी नाही, मोठी यंत्रं जातात हे मान्य करून शेतरस्ते तीन ते चार मीटर रुंद द्यावेत आणि अशा रस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात करावी, असं त्यात सांगितलं. त्याआधी २०२१ पासून रोजगार हमीतून पाणंद रस्ते पक्के करण्यासाठी 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना' आहेच.

आता फिरणाऱ्याच्या कामाचा मुद्दा. कलम १४३ चा हक्क कुणाचा? तर शेत असलेल्या माणसाचा. तुम्ही पुण्याहून, संभाजीनगरहून किंवा बीड शहरातून रविवारी सकाळी फिरायला आलात, तर या कलमाने मिळालेल्या बांधावरच्या वाटेवर तुमचा काही हक्क नाही. सार्वजनिक गाडीवाट, गावरस्ता, नदीचं पात्र इथून तुम्ही जाऊ शकता. कुणाच्या शेतातून जाणाऱ्या खासगी वाटेवर मात्र विचारूनच पाय टाकायचा.

मग इंग्लंडमध्ये कसं चालतं?

तिथे हक्क शेतकऱ्याचा नाही, चालणाऱ्याचा असतो. जमीन खासगीच, पण तिच्यातून जाणाऱ्या ठरावीक वाटेवरून कुणालाही, कुठल्याही कारणाने, किंवा काहीच कारण नसताना चालता येतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा वाटांचं जाळं सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरचं आहे. शेतकऱ्याने वाट नांगरली तर ठरावीक दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. पेरलेल्या शेतातून जाणारी पाऊलवाट किमान एक मीटर मोकळी ठेवावी लागते. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा बाण म्हणजे घोडा आणि सायकलही चालेल, अशा खुणा खांबांवर असतात.

हे काही तिथल्या जमीनदारांनी आनंदाने दिलं नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातले काहीशे कामगार किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मुद्दाम, बंदी मोडून चढले. तो डोंगर शिकारीसाठी राखलेला होता. पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. पुढे १९४९ मध्ये कायदा झाला आणि त्याने प्रत्येक काउंटीला आपल्या हद्दीतल्या सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावला. एकदा त्या नकाशात वाट आली की ती पुराव्याविना पक्की. २००० सालच्या आणखी एका कायद्याने माळरानं आणि डोंगर मोकळे झाले.

फरक आहे तो इथे. आपल्याकडेही नकाशा आहे, पण तो महसुलाचा आहे आणि कपाटात आहे. त्यांच्याकडे तो दुकानात मिळतो आणि त्यावर चालायची वाट हिरव्या तुटक रेषेने दाखवलेली असते.

गंमत म्हणजे पायी चालणं बीडच्या माणसाला नवीन नाही. पैठणहून निघणारी एकनाथ महाराजांची पालखी रायमोहा, पाटोदा करत पंढरपूरला जाते. मुक्ताईची पालखी गेवराई, बीड, पाली, चौसाळा अशी उतरते. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईवरून जाते. आषाढाआधी जिल्हाभर माणसं चालत असतात, आणि गावंच्या गावं त्यांच्या जेवणाची सोय करतात. पण ते चालणं देवासाठी. नुसतं चालायला म्हणून चालणारा माणूस दिसला की गावात पहिला प्रश्न येतो : "गाडी बंद पडली का?" प्रश्न खवचट नसतो, काळजीचा असतो. "नाही, रान बघायला आलोय" एवढं उत्तर पुरतं.

सुरुवात कुठून करायची? पालवणपासून

पहिल्यांदाच जाणार असाल, बरोबर लहान मुलं किंवा वयस्क माणसं असतील, तर बीड शहराजवळच्या पालवण इथली सह्याद्री देवराई सोपी. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकारातून आणि वनविभागाच्या साथीने उजाड डोंगरावर इथे देशी झाडं लावली गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये इथेच वृक्षसंमेलन भरलं आणि संमेलनाचं अध्यक्षपद वडाच्या झाडाला दिलं गेलं. तेव्हा ते चेष्टेचाही विषय झालं होतं. पण बोडका डोंगर आधी कसा होता हे ज्यांनी पाहिलंय, ते आज तिथे चढताना चेष्टा करत नाहीत. उन्हाळ्यात इथलं गवत पेट घेतं, पूर्वी आगीही लागल्या आहेत. काडी, सिगारेट यातलं काहीही सोबत नको.

शहरातच फिरायचं असेल तर कंकालेश्वर मंदिर बघून बिंदुसरेच्या बाजूने चालता येतं, पण खरं सांगायचं तर शहरातला नदीकाठ चालण्यासारखा उरलेला नाही. त्यापेक्षा सोलापूर महामार्गाच्या बाजूला असलेली खजाना विहीर बघा. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात सलाबतखानाने ती बांधली. विहिरीतून पाणी शेंदायचं नाही, ते जमिनीखालच्या पाटाने उताराच्या बळावर आपोआप शेतात जायचं, अशी तिची रचना. विहीर पाहून झाली की आजूबाजूचं शिवार बघा, म्हणजे उतार कुठल्या दिशेला आहे आणि बांधणाऱ्याने काय हिशेब केला असेल हे लक्षात येतं. इथे एक तास सहज जातो.

कपिलधार

बीडहून दक्षिणेला मांजरसुंब्याचा घाट चढलं की बालाघाटाचं पठार लागतं. मांजरसुंब्याजवळच्या डोंगरघळीत कपिलधार आहे. धबधबा आणि वीरशैव संत मन्मथस्वामींची समाधी, दोन्ही एकाच घळीत. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणातून लिंगायत भाविक पायी दिंड्या घेऊन येतात. म्हणजे ही वाट शतकानुशतकं चालूनच घडलेली आहे.

फिरायला म्हणून जायचं तर यात्रेचा आठवडा आणि श्रावणातले सोमवार टाळा. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत साध्या दिवशी सकाळी जा. गाडी वर सोडून घाटरस्त्याने पायी उतरलं तर दोन्ही बाजूंना सीताफळ, पळस, धावडा, हिवर दिसतात. उतरायला सोपं, चढताना थोडी धाप लागते. धबधब्याखालचे दगड शेवाळलेले असतात. सेल्फीसाठी त्यावर चढणारे दर पावसाळ्यात पडतात.

सौताडा आणि नायगाव : पाटोद्याच्या दोन तऱ्हा

सौताडा जामखेडपासून जवळ, जिल्ह्याच्या अगदी काठावर. सपाट माळावरून चालत येताना पुढे काही असेल असं वाटत नाही, आणि अचानक जमीन संपते. विंचरणा तिथून सरळ खाली दरीत कोसळते. तळाला रामेश्वराचं मंदिर आहे. खाली उतरायला पायऱ्या आहेत. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी वरूनच बघावं, वरचं दृश्यही कमी नाही. पण कड्याच्या टोकाला जाऊ नका. मुरूम भुसभुशीत असतो आणि पावसाने आतून पोखरलेला असतो.

सौताड्याचा धबधबा पावसाळी आहे. जानेवारीत जाऊन "रीलमध्ये तर पाणी होतं" म्हणून वैतागू नका.

नायगाव मयूर अभयारण्य १९९४ मध्ये मोरांसाठी घोषित झालं. क्षेत्र सुमारे तीस चौरस किलोमीटर. घनदाट जंगलाची अपेक्षा ठेवून गेलात तर निराश व्हाल. हे झुडपी रान आहे, गवत आहे, मधून ओढे आहेत. मोराला असंच रान आवडतं. मोर उन्हाच्या आधी आणि ऊन उतरल्यावर बाहेर पडतात, त्यामुळे सकाळी उजाडताना तिथे पोहोचायला हवं. पिसारा फुलवून नाचणारा मोर बघायचा तर पावसाच्या सुरुवातीचे दिवस. हिवाळ्यात मोर दिसेल, पण लांब पिसं झडलेली असतील. अभयारण्य असल्यामुळे वनविभागाला विचारल्याशिवाय आत पायी भटकायचं नाही. वनरक्षक किंवा गावातला जाणकार सोबत घेतला तर तुम्हाला एकट्याला दिसलं असतं त्याच्या दुप्पट दिसतं. खुरांचे ठसे, सायाळीने उकरलेली जागा, हे त्यालाच दिसतं.

अंबाजोगाई : सगळ्यात समृद्ध वाट

एकच वाट निवडायची म्हटलं तर आमचं मत अंबाजोगाईला. गाव बालाघाटाच्या माथ्यावर असल्याने हवा बीडपेक्षा बरी. योगेश्वरीचं दर्शन घेऊन जयंती नदीच्या काठाने निघायचं. वाटेत हत्तीखाना, म्हणजे शिवलेणी. एका खडकात कोरलेलं हे लेणं आणि अंगणातले दगडी हत्ती पाहायला फार कमी लोक येतात. गावातल्या पोरांना मात्र क्रिकेटचा चेंडू तिथे गेला की ते आठवतं.

पुढे गावाबाहेर मुकुंदराजांची समाधी. 'विवेकसिंधु'चे कर्ते मुकुंदराज. परंपरेने हा ग्रंथ शके १११० चा, म्हणजे इसवी सन ११८८ चा मानतात, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही शंभर वर्षं आधीचा. समाधी डोंगराच्या कडेला, दरीत उतरून आहे. पायऱ्या उतरताना दरीतला ओढा, वरून लोंबणाऱ्या वेली आणि माकडं. पावसाळ्यात पाण्याचा आवाज सतत सोबत असतो. याच परिसरात दासोपंतांचीही समाधी आहे. हातरुमालाऐवजी पासोडीवर, म्हणजे लांबलचक कापडावर लिहिणारे ते हेच दासोपंत. कापडावरची त्यांची ती 'पासोडी' अंबाजोगाईचीच.

गाव, लेणं, समाध्या असं सगळं मिळून अर्धा दिवस धरा. पाणी सोबत घ्या, वाटेत प्रत्येक ठिकाणी दुकान नाही.

गोदाकाठ : सोपा पण सावध

गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी राक्षसभुवन आणि त्याच परिसरात पांचाळेश्वर. राक्षसभुवनला शनीचं देवस्थान आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी इथेच माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. पांचाळेश्वर हे महानुभाव पंथाचं आत्मतीर्थ. मंदिर नदीच्या पात्रात आहे, पुरात पाण्याखाली जातं आणि पुन्हा वर येतं.

काठची जमीन सपाट आहे, चढ-उतार नाहीत, दम लागत नाही. हिवाळ्यात ज्वारी आणि हरभऱ्याच्या रानातून नदीवर उतरणाऱ्या गाडीवाटा चालायला छान. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, वरच्या बाजूला पैठणचं जायकवाडी धरण आहे. दरवाजे उघडले की इथे आकाश निरभ्र असतानाही पाणी वाढतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात पात्रात उतरण्याआधी गावात विचारा. दोन, वाळूउपसा. गोदावरी आणि सिंदफणेच्या पात्रात वाळू काढून पडलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. गुडघाभर पाणी वाटतं आणि पुढच्या पावलाला डोक्यावर जातं. पोहता येत असेल तरी उतरू नका. रात्री आणि पहाटे वाळूच्या गाड्या ज्या वाटांनी जातात तिथे मोबाइल काढून शूटिंग करत उभं राहणंही शहाणपणाचं नाही.

गोदाकाठच पण गर्दीविना हवा असेल तर माजलगाव तालुक्यातलं मंजरथ. इथे सिंदफणा गोदावरीला मिळते. पाटोद्याच्या डोंगरात जी नदी ओढ्याएवढी दिसते ती इथवर येऊन मोठ्या नदीत मिसळताना बघणं, यासाठी एक दिवस काढण्यासारखा आहे. संगमावर धार्मिक विधींसाठी लोक येतात, तेव्हा कॅमेरा पिशवीत.

जायकवाडीचा उजवा कालवाही याच भागातून माजलगाव धरणाकडे जातो. कालव्याच्या भरावावरची वाट सपाट आणि सरळ, चुकायची भीती नाही. कालव्याच्या उतरत्या बाजू मात्र घसरड्या असतात. आत पडलेल्याला चढून वर येता येत नाही, त्यामुळे हात-पाय धुवायलाही खाली वाकायचं नाही.

कधी जायचं?

मार्च ते जूनचा पहिला आठवडा विसरून जा. बीडच्या उन्हात माळावर सावली शोधून सापडत नाही. जून-जुलैत काळ्या रानात चालणं अशक्य. बुटाला इतका चिखल चिकटतो की पाय उचलवत नाही. डोंगरावरचा मुरूम मात्र पाणी धरत नाही, त्यामुळे पावसाळ्यात बालाघाट आणि हिवाळ्यात गोदाकाठ, हा साधा हिशेब. सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणेसकट जिल्ह्यातल्या नद्यांना आलेला पूर लक्षात असेल, तर मुसळधार पावसाच्या इशाऱ्यात कुठल्याच ओढ्याजवळ जायचं नाही हे वेगळं सांगायला नको.

दिवाळीनंतर रान सगळ्यात देखणं असतं, पण गावं रिकामी होतात. ऊसतोडीला टोळ्या गेलेल्या असतात. वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं आणि लहान मुलं तेवढी उरतात. वाट विचारायला माणूस मिळत नाही आणि भांबावलेली म्हातारी अनोळखी माणसाला बघून कडी लावून घेते. अशा वेळी दारात जाऊन उभं न राहता लांबूनच "आजी, अमुक गावाला वाट हीच का?" असं विचारावं. उत्तर मिळतं, बऱ्याचदा पाणीही.

आणखी थोडं

हिवाळ्यात माळावर कुसळी गवत वाळलेलं असतं. त्याची कुसळं मोज्यात घुसली की दिवसभर टोचत राहतात. जाड पँट आणि बंद बूट घाला. साप जास्त करून पावसाळ्यात आणि बांधाच्या दगडांत. २०२० च्या अखेरीस आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यात माणसं दगावली होती. तेव्हापासून त्या भागातले लोक उसाजवळून अंधारात एकटे जात नाहीत, तुम्हीही जाऊ नका. सूर्य मावळायच्या आत गावरस्त्यावर यायचं.

मोबाइलचा नकाशा शिवारात फसवतो. तो तुम्हाला कुणाच्या तरी तुरीतून सरळ रेष दाखवतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणातले नकाशे ऑनलाइन मिळतात, त्यांवर ओढे आणि गाडीवाटा बऱ्यापैकी कळतात. कुंपणाच्या तारेला हात लावण्याआधी थांबा. रानडुकरांच्या त्रासाने काही ठिकाणी तारेत वीज सोडलेली असते. शेतातलं फाटक उघडलं असेल तर उघडंच, बंद असेल तर परत बंद. उभ्या पिकात फोटोसाठी शिरायचं नाही. हरभऱ्याचे डहाळे खावेसे वाटले तर विचारा. विचारून घेतलेल्या डहाळ्याला नाही म्हणणारा शेतकरी विरळा.

आणि ऑक्टोबरमध्ये धारूर किंवा मांजरसुंब्याच्या बाजूला गेलात, तर रस्त्याकडेला पाट्या घेऊन बसलेल्या बायकांकडून सीताफळं घ्या. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. डोळे उघडलेलं, म्हणजे खवल्यांमधल्या रेषा पांढरट झालेलं फळ घरी जाईपर्यंत पिकतं. अगदी मऊ असेल ते तिथेच, रस्त्याच्या कडेला बसून खायचं.